ठराव मांडणारा माणूस

मार्च १९४०. लाहोरच्या मिंटो पार्कात मुस्लिम लीगचे अधिवेशन भरत होते आणि शहर धगधगत होते. १९ तारखेला खाकसार चळवळीच्या स्वयंसेवकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. तरीही अधिवेशन ठरल्याप्रमाणेच घ्यायचे, यावर महमद अली जिना ठाम राहिले. २२ तारखेला त्यांचे अध्यक्षीय भाषण झाले. हिंदू आणि मुसलमान हे एकाच देशातले दोन समाज नाहीत, ती दोन वेगळी राष्ट्रे आहेत. त्यांचे धर्मविचार, चालीरीती, वाङ्मय, इतिहासातले नायक, सारेच वेगळे आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. दुसऱ्या दिवशी त्या विचाराला ठरावाचे रूप आले. तो मांडायला जो माणूस उभा राहिला तो पंजाबचा नव्हता, संयुक्त प्रांताचा नव्हता आणि उर्दूभाषकही नव्हता. तो होता बंगालचा पंतप्रधान, अबुल कासीम फजलुल हक. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधानच म्हणत; मुंबईत बाळासाहेब खेरही पंतप्रधानच होते.

ठराव थोडक्यात असा होता: हिंदुस्थानच्या वायव्येला आणि पूर्वेला जिथे मुसलमान बहुसंख्य आहेत, ते सलग प्रदेश गरजेप्रमाणे सीमा बदलून एकत्र करावेत आणि त्यांची स्वतंत्र राज्ये व्हावीत. या राज्यांचे घटक स्वायत्त आणि सार्वभौम असावेत. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी पुरेशी हमी असावी. या ठरावात ‘पाकिस्तान’ हे नाव कुठेही नव्हते. राज्य एक की अनेक, याचा उल्लेख मात्र अनेकवचनी होता.

पाकिस्तान कसे मिळाले, हा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा जिना, गांधी, नेहरू आणि माउंटबॅटन यांच्याभोवती सांगितला जातो. मला तो फजलुल हकांच्या बाजूने सांगावासा वाटतो. ज्याने हा ठराव मांडला, त्याच माणसावर चौदा वर्षांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानाने देशद्रोहाचा आरोप ठेवला. एवढ्या काळात हक बदलले की राष्ट्राची व्याख्या बदलली? धर्माच्या पायावर देश मागणाऱ्या चळवळीची सगळी ताकद आणि तिची सगळी गोची या प्रश्नात दडली आहे.

बारिसालचा वकील

हक १८७३ साली बारिसालच्या मुलखात जन्मले. नद्या, चिखल, भात आणि ताग यांचा हा प्रदेश. पूर्व बंगालमध्ये शेत कसणारे कूळ बहुधा मुसलमान, तर जमीनदार आणि सावकार बहुधा हिंदू. त्यामुळे तिथले खंडाचे आणि व्याजाचे भांडण केव्हा धर्माचे होईल, याचा भरवसा नसे.

१९०६ साली ढाक्यात नवाब सलीमुल्ला यांच्या पुढाकाराने मुस्लिम लीग स्थापन झाली, त्या बैठकीला तरुण हक हजर होते. पण त्या पिढीला लीग आणि काँग्रेस यांत परस्परविरोध दिसत नव्हता. हक दोन्हीकडे वावरले, दोन्हीकडे पदांवर राहिले. १९१६ च्या डिसेंबरात लखनौला काँग्रेस आणि लीग यांचा करार झाला. तो घडवणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते, जिना होते आणि बंगालच्या मुसलमानांच्या वतीने हकही होते. त्याच वर्षी टिळकांच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून जामीन घेण्याचा हुकूम काढला होता आणि मुंबई उच्च न्यायालयात जिनांनी बाजू लढवून तो रद्द करून घेतला होता. सरोजिनी नायडूंनी जिनांना हिंदू-मुस्लिम ऐक्याचा दूत म्हटले, ते याच काळात.

लखनौ करारात बंगालच्या मुसलमानांनी बरेच सोडले होते. प्रांतात ते निम्म्याहून अधिक, पण कायदेमंडळात त्यांना ४० टक्केच जागा मिळाल्या. जिथे ते अल्पसंख्य होते त्या प्रांतांतल्या मुसलमानांना मात्र लोकसंख्येच्या मानाने जास्त जागा मिळाल्या. अल्पसंख्य प्रांतांच्या सोयीची किंमत बहुसंख्य प्रांताने मोजायची, हा हिशेब तेव्हा पहिल्यांदा मांडला गेला. पुढे तो अनेकदा उलटसुलट मांडला जाणार होता.

१९३७ च्या निवडणुकीत हक स्वतःच्या कृषक प्रजा पक्षाचे पुढारी म्हणून उतरले. सगळ्यांच्या ताटात डाळ-भात, ही त्यांची घोषणा होती. पटुआखालीत त्यांनी ढाक्याच्या नवाब घराण्यातल्या ख्वाजा नाझिमुद्दीन यांना हरवले. मुसलमान शेतकऱ्याने मुसलमान जमीनदाराला पाडले, असा या निकालाचा अर्थ होता. लीगची स्थिती तेव्हा देशभर केविलवाणी होती. पंजाबात मुसलमानांसाठी राखीव असलेल्या ८६ जागांपैकी तिला दोनच मिळाल्या, वायव्य सरहद्द प्रांतात एकही नाही. मुसलमानांचे राष्ट्र एक आहे आणि लीग हाच त्याचा एकमेव आवाज आहे, हा दावा त्या वर्षी मतपेटीत टिकला नाही.

हकांनी आधी काँग्रेसकडे हात पुढे केला. तो जमला नाही आणि ते लीगच्या साथीने सत्तेवर आले. त्यांच्या सरकारने गावोगाव कर्जतडजोडीची मंडळे चालवली, १९३८ मध्ये कूळकायदा सुधारला, १९४० मध्ये सावकारी नियंत्रणाचा कायदा आणला. दरम्यान, १९३७ च्या लखनौ अधिवेशनात ते लीगच्या छत्राखाली गेले. ‘शेर-ए-बांगला’ ही पदवी तेव्हापासून त्यांना कायमची चिकटली. लीगलाही हा माणूस हवाच होता, कारण देशातला सर्वांत मोठा मुस्लिम समाज बंगालमध्ये होता.

ठरावाने न दिलेली उत्तरे

मुसलमानांच्या वेगळ्या भूमीची कल्पना लाहोरला जन्मली नव्हती. १९३० च्या डिसेंबरात अलाहाबादला महंमद इक्बाल यांनी पंजाब, सरहद्द प्रांत, सिंध आणि बलुचिस्तान यांच्या एकत्रीकरणाची भाषा केली होती. १९३३ मध्ये केंब्रिजमधल्या चौधरी रहमत अली यांनी एका पत्रकात या देशाला नावही दिले. संसदीय समितीपुढे साक्ष देणाऱ्या मुस्लिम नेत्यांनी तेव्हा त्याला विद्यार्थ्यांची कल्पना म्हणून झटकून टाकले. पण या दोन्ही आराखड्यांत एक गोष्ट समान होती: बंगाल त्यांत नव्हता. सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकवस्तीशिवायच मुस्लिम भूमीचे स्वप्न रंगवले गेले होते. लाहोरच्या ठरावाने ही उणीव भरून काढली, आणि ती बंगाली माणसाच्याच तोंडून. हकांच्या दृष्टीने ठरावाचा अर्थ सरळ होता. पूर्वेला एक राज्य होईल, तिथे बंगालचा कारभार बंगाली करतील आणि कुळाला दिल्लीकडे पाहावे लागणार नाही.

सगळे मुसलमान या वाटेने निघाले होते असे मात्र नाही. लाहोरच्या अवघ्या काही दिवस आधी तेव्हाच्या बिहारमधील रामगढ येथे काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून मौलाना अबुल कलाम आझाद यांनी आपण मुसलमान आहोत याचा अभिमान सांगितला आणि अकरा शतकांच्या सहजीवनातून घडलेल्या हिंदी राष्ट्राचे आपण अविभाज्य अंग आहोत, हेही त्याच ठामपणे सांगितले. देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी दोन वर्षे आधीच याविषयी इक्बाल यांच्याशी जाहीर वाद घातला होता. आजच्या काळात राष्ट्र मुलखावरून बनते, धर्मावरून नव्हे. प्रेषितांनीही मदिनेत वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना एका कराराने बांधले होते, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल १९४० मध्ये दिल्लीत आझाद मुस्लिम परिषद भरली. सिंधचे अल्लाबक्ष सुमरो तिचे अध्यक्ष होते. त्यांनी फाळणीच्या मागणीला उघड विरोध केला. १९४३ मध्ये त्यांचा खून झाला. धर्माला राष्ट्राचा पाया मानायला नकार देणाऱ्यांत दाढी राखणारे, पाच वेळा नमाज पढणारे आलिम होते, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. त्यांची आठवण पुसली गेली, हा मला या साऱ्या प्रकरणातला मोठा अन्याय वाटतो.

ठरावाला सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक परीक्षा मुंबईत द्यावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ १९४० च्या अखेरीस ठॅकर आणि कंपनीने प्रसिद्ध केले. बाबासाहेबांनी ही मागणी हसण्यावारी नेली नाही की देशद्रोह म्हणून मोडीत काढली नाही. एखाद्या समाजाला आपण राष्ट्र आहोत असे मनापासून वाटू लागले, तर त्याला बळाने एकत्र ठेवता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. आणि मग त्यांनी व्यवहाराचे प्रश्न विचारले. सीमा कुठून जाणार? पंजाब आणि बंगाल यांचे कोणते जिल्हे बहुसंख्य मुसलमानांचे आणि कोणते नाहीत? फौज कोणाची, महसूल किती? जिल्हावार लोकसंख्येचे तक्ते आणि नकाशे त्यांनी पुस्तकात दिले. धर्म हाच निकष असेल, तर तो पंजाब आणि बंगालच्या आतही लागेल आणि हे दोन प्रांत अखंड राहणार नाहीत, हे त्यांनी सात वर्षे आधी दाखवून दिले. पुस्तकाची चर्चा खूप झाली. त्यातल्या प्रश्नांची उत्तरे मात्र ना लीगने दिली, ना काँग्रेसने.

संदिग्धपणा लीगच्या पथ्यावर पडला. हकांना ठरावात बंगाली कुळाचे राज्य दिसत होते. पंजाबचे सिकंदर हयात खान यांना त्यात सैल संघराज्य दिसत होते, आणि इथे मुसलमानांचे राज्य व उर्वरित देशात हिंदूंचे, असा पाकिस्तानचा अर्थ असेल तर आपला त्याच्याशी संबंध नाही, असे ते १९४१ मध्ये पंजाबच्या विधानसभेत बोलले. संयुक्त प्रांतातल्या वकिलाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला त्यात मुसलमानांचा सन्मान दिसत होता. जो तो आपल्या मनातला देश त्या ठरावात पाहत होता.

एक राष्ट्र, एक पुढारी

हक आणि जिना यांचे दीड वर्षातच फाटले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण परिषदेचा राजीनामा द्या, असा हुकूम जिनांनी लीगच्या पंतप्रधानांना सोडला. हकांनी परिषद सोडली, पण सोबत लीगची कार्यकारिणीही सोडली. बंगालच्या तीन कोटींहून अधिक मुसलमानांचे हित बाहेरचे लोक ठरवतात, ही त्यांच्या पत्रातली तक्रार होती. डिसेंबरात त्यांनी हिंदू महासभेच्या श्यामाप्रसाद मुखर्जींना सोबत घेऊन नवे मंत्रिमंडळ बनवले आणि लीगने त्यांना हाकलले. लाहोर ठरावाचा जनक कौमचा गद्दार ठरला. १९४३ च्या मार्चमध्ये गव्हर्नरने त्यांना राजीनामा द्यायला भाग पाडले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे तीस लाख माणसे दगावली. भुकेने खचलेल्या त्या गावांत लीगचे तरुण कार्यकर्ते जमीनदारीच्या अंताची आशा घेऊन गेले. हकांची घोषणाच आता लीगच्या झेंड्याखाली फिरू लागली होती.

सप्टेंबर १९४४ मध्ये मलबार हिलवर, माउंट प्लेझंट रोडवरच्या जिनांच्या बंगल्यात गांधी आणि जिना यांच्या वाटाघाटी ९ ते २७ तारखेपर्यंत चालल्या. गांधीजींचा मुद्दा असा, की धर्मांतर केलेल्यांनी आपण मूळ समाजापासून वेगळे राष्ट्र आहोत असे म्हणावे, याला इतिहासात दाखला नाही. जिनांचे उत्तर असे, की राष्ट्राच्या कोणत्याही व्याख्येने आम्ही राष्ट्रच आहोत. बोलणी फिसकटली, पण गांधीजी आपल्या दारी आले यातूनच जिनांचे स्थान पक्के झाले.

१९४५-४६ च्या निवडणुकांत चित्र पालटले. मध्यवर्ती कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या. बंगालमध्ये मुस्लिम जागा जवळपास सगळ्या तिच्याकडे आल्या. पंजाबात दर्ग्यांचे पीर आणि अलिगढचे विद्यार्थी गावोगाव फिरले. मत म्हणजे धर्माची परीक्षा, असे सांगितले गेले. मताधिकार प्रौढांपैकी थोड्यांनाच होता, हे खरे. पण ज्यांना होता त्यांनी निःसंदिग्ध कौल दिला. सरहद्द प्रांत एवढा अपवाद ठरला: तिथे मुसलमान नव्वद टक्क्यांहून अधिक, आणि तिथेच खान अब्दुल गफारखानांच्या लालडगलेवाल्यांच्या बळावर काँग्रेस जिंकली. ज्यांना बहुसंख्येची भीती नव्हती त्यांना वेगळ्या भूमीची ओढ नव्हती. ओढ सर्वांत जास्त होती ती लखनौ, अलिगढ, मुंबईच्या मुसलमानांना, आणि त्यांची गावे त्या भूमीत कधीच जाणार नव्हती.

एप्रिल १९४६ मध्ये दिल्लीला लीगच्या निवडून आलेल्या सदस्यांनी नवा ठराव केला. त्यात अनेक राज्यांचे एक राज्य झाले. बंगालच्या अबुल हाशिम यांनी हरकत घेतली, ती टिकली नाही. पुढच्या सोळा महिन्यांत कोलकाता, नोआखाली, बिहार, रावळपिंडी असा रक्ताचा माग काढत देश फाळणीला पोहोचला. बंगाल अखंड आणि स्वतंत्र राहावा, हा बंगाली पुढारी शरच्चंद्र बोस आणि लीगचे सुऱ्हावर्दी यांचा प्रयत्न फसला. बाबासाहेबांनी वर्तवल्याप्रमाणे पंजाब आणि बंगाल जिल्ह्याजिल्ह्यांनी कापले गेले. सव्वा ते दीड कोटी माणसे घरे सोडून निघाली आणि लाखो वाटेत मारली गेली. १९४६ मध्ये पुन्हा लीगमध्ये परतलेले हक कोलकाता सोडून ढाक्याला गेले.

मनीऑर्डरचा फॉर्म

११ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत घटना समितीपुढे जिना म्हणाले, की तुम्ही देवळात जा, मशिदीत जा, राज्याच्या कारभाराशी त्याचा संबंध नाही. समितीचे हंगामी अध्यक्षपद जोगेंद्रनाथ मंडल यांना दिले होते. बारिसालच्या मातीतले हे दलित पुढारी. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून भारताच्या घटना समितीवर निवडून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले. १९५० मध्ये राजीनामा देऊन ते भारतात परतले. त्याआधी, मार्च १९४९ मध्ये, सार्वभौमत्व अल्लाचे असल्याचा उद्दिष्ट ठराव हिंदू सदस्यांच्या विरोधाला न जुमानता मंजूर झाला होता.

मुसलमानांच्या देशातला पहिला मोठा तडा मात्र मुसलमानांमध्येच गेला. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी कोमिल्लाचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त यांनी समितीत मागणी केली, की उर्दू आणि इंग्रजीबरोबर बंगालीही कामकाजाची भाषा असावी. त्यांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. त्यांनी पोस्टातली गोष्ट सांगितली. खेड्यातला गरीब शेतकरी ढाक्यात शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवायला गावच्या पोस्टात जातो. हातात पडलेला मनीऑर्डरचा फॉर्म उर्दूत. तो कळत नाही म्हणून त्याला दूरच्या शहरात जाऊन फॉर्म वाचून घ्यावा लागतो. जमिनीच्या व्यवहारासाठी स्टँप विकत घेतो, तर त्यावरची किंमतही उर्दूत. दिलेल्या पैशांचा स्टँप मिळाला की नाही, हेही त्याला सांगता येत नाही. हा शेतकरी मुसलमान होता. पाकिस्तान त्याच्याच नावाने मागितले गेले होते, आणि या देशातले निम्म्याहून अधिक लोक त्याचीच भाषा बोलत होते.

पंतप्रधान लियाकत अली खान यांनी उत्तर दिले, की पाकिस्तान हे मुस्लिम राष्ट्र आहे आणि त्याची भाषा उर्दूच असली पाहिजे. महिन्याभरात जिना स्वतः ढाक्याला आले आणि २१ मार्चला रेसकोर्स मैदानावर त्यांनी तेच सांगितले: राष्ट्रभाषा उर्दू, दुसरी कोणतीही नाही. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात भाषेसाठी रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या.

पश्चिमेतही व्याख्या आवळत गेली. १९५३ मध्ये अहमदिया पंथीयांविरुद्ध दंगे पेटले आणि लाहोरात लष्करी कायदा लागला. वस्तुतः फाळणीच्या सीमा आयोगापुढे लीगची बाजू मांडणारे जफरुल्ला खान अहमदियाच होते. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी उलेमांना विचारले, की मुसलमान कोणाला म्हणायचे? त्यांच्या १९५४ च्या अहवालात नोंद आहे, की कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही. ज्या ओळखीवर देश उभा राहिला, ती ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न उरलाच. १९७४ मध्ये घटनादुरुस्तीने अहमदिया गैरमुस्लिम ठरवले गेले.

त्याच ठरावाच्या नावाने

१९५४ च्या मार्चमध्ये पूर्व बंगालात निवडणूक झाली. ऐंशी वर्षांच्या हकांनी आता अवामी लीगमध्ये असलेले सुऱ्हावर्दी आणि मौलाना भाषानी यांच्याबरोबर संयुक्त आघाडी उभारली. आघाडीच्या २१ कलमांत जमीनदारीचा अंत होता, बंगालीला राज्यभाषेचा मान होता आणि लाहोर ठरावानुसार पूर्ण स्वायत्तता होती: केंद्राकडे फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि चलन. २३७ मुस्लिम जागांपैकी २२३ आघाडीला मिळाल्या. पाकिस्तान मिळवून देणारी लीग दहाच्या आत आली. मुख्यमंत्री नूरुल अमीन एका विद्यार्थी नेत्याकडून हरले.

हक मुख्यमंत्री झाले. कोलकात्याला गेले तेव्हा दोन्ही बंगालच्या भाषेच्या आणि संस्कृतीच्या नात्याबद्दल ते मोकळेपणाने बोलले. तेवढे निमित्त पुरले. ३० मे रोजी, दोन महिनेही झाले नसताना, केंद्राने सरकार बरखास्त केले. पंतप्रधान महंमद अली बोग्रा यांनी त्यांना देशद्रोही म्हटले आणि हकांना घरात स्थानबद्ध केले गेले. पुढच्याच वर्षी त्यांनाच केंद्रात गृहमंत्री करावे लागले, नंतर पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नरही. १९६२ मध्ये ते ढाक्यात वारले.

त्यांचा ठराव त्यांच्यानंतरही जगला. फेब्रुवारी १९६६ मध्ये अवामी लीगचे शेख मुजीबुर रहमान यांनी सहा कलमी मागणी मांडली ती लाहोरलाच, आणि पहिले कलम लाहोर ठरावानुसार संघराज्याचे होते. डिसेंबर १९७० मध्ये पूर्वेच्या १६२ पैकी १६० जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. सत्ता देण्याऐवजी लष्कर धाडले गेले. २९ मार्च १९७१ च्या रात्री कोमिल्लात सैनिकांनी धीरेंद्रनाथ दत्त यांना मुलासह घरातून नेले; ते परत आले नाहीत. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने ढाक्याच्या ज्या मैदानावर शरणागती पत्करली, तिथेच जिनांनी उर्दूची घोषणा केली होती.

या इतिहासातून दोन्ही बाजूंना सोयीचा धडा काढता येतो, म्हणून तो जपून वाचायला हवा. बांगलादेश झाला म्हणजे धर्माची ओळख खोटी होती, असे मला वाटत नाही. १९४६ चे मतदार फसले नव्हते. अल्पसंख्य म्हणून त्यांना वाटणारी भीती खरी होती, आणि ती दूर करण्यात काँग्रेस कमी पडली. स्वतंत्र झाल्यावरही बांगलादेश पश्चिम बंगालात विलीन झाला नाही, तो मुस्लिमबहुल देश म्हणूनच उभा राहिला. पण धर्म देशाची मागणी करू शकला, तो देश चालवू शकला नाही. पोस्टातला फॉर्म कोणत्या भाषेत असावा, तागाचा पैसा कोणाकडे जावा, बहुमत पूर्वेचे असेल तर पंतप्रधान कोण, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर धर्मात नव्हते. जो हे प्रश्न विचारी, त्याला धर्माच्याच नावाने गद्दार ठरवणे तेवढे सोपे झाले. फजलुल हक तीस-पस्तीस वर्षे एकच गोष्ट मागत राहिले: बंगाली शेतकऱ्याला त्याच्या मुलखात अधिकार. त्यांनी पक्ष बदलले, मित्र बदलले, चुकाही केल्या, पण ही मागणी सोडली नाही. राष्ट्राला एका ओळखीत बसवू पाहणारे कोणत्याही धर्माचे असोत, आणि आज आपल्याही देशात ते कमी नाहीत, त्यांनी हकांच्या या प्रवासाचा हिशेब दिला पाहिजे. दत्त बाबूंच्या शेतकऱ्याला उत्तर देण्याची तयारी नसेल, तर राष्ट्राची व्याख्या कितीही जोशात मांडली, तरी तिच्यावर देश टिकत नाही.